कमरूभाईंची कात्री

वाटूर फाट्यावर बी-बियाण्याची दुकानं सात-आठ, पण "कमरूभाईकडून आणलं" म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. कमरोद्दीन आता साठीला आले. तीस वर्षांत त्यांनी पाकिटावर छापलेल्या भावाच्या वर रुपया घेतला नाही, की बियाण्यासोबत नको ती खताची गोणी कुणाच्या गळ्यात मारली नाही. त्यांची बायको अकबरबी म्हणते, "तुम्ही दुकान चालवता का दर्गा?" यावर हा माणूस नुसता हसतो. आता अशाला काय म्हणावं?

कापसाच्या बियाण्याचा भाव सरकार बांधून देतं. चांगलंच आहे, लूट होत नाही. पण सगळ्यांना पाहिजे एकच वाण, अन् माल येतो चिमूटभर. मंग नऊशेचं पाकीट सडकेवर चौदाशेला जातं. गेल्या साली कमरूभाईंनी छापील भावात पाकिटं दिली, अन् घेणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ती समोरच्या चहाच्या टपरीवर नेऊन विकली. द्वारकाबाईंचा नंबर येईस्तोवर माल संपला. एकट्या बाई, एक एकर कोरडवाहू. त्यांनी तीच पाकिटं टपरीवरून चौदाशेनं घेतली. हे कळलं तेव्हा कमरूभाईंना दोन दिवस घास गोड लागला नाही.

यंदा त्यांनी डोकं चालवलं. मोठी कात्री आणली. पाकीट हातात द्यायच्या आधी त्याचा कोपरा कापायचा. फोडलेलं बियाणं सडकेवर कुणी घेत नाही, भेसळीचा वहीम येतो. ज्याला पेरायचं आहे, त्याचं मात्र काही अडत नाही.

मिरगाच्या आधी माल आला, तशी पहाटेच शटरसमोर चपलांची रांग लागली. माणसं लिंबाच्या सावलीत अन् चपला नंबरात, हा इथला जुना रिवाज. नऊला शटर वर गेलं, कात्री चालू झाली, अन् गंमत झाली. चार-पाच पाकिटं कापलेली दिसली तशा रांगेतल्या चपला एक-एक करून मालकाच्या पायात गेल्या. रांगेतला रखमाजी तर चार तास ताटकळला होता, त्यालाही अचानक घरचं काम आठवलं. रांग अर्धी झाली. कमरूभाई मनातून असे खुलले की विचारू नका.

अकराव्या नंबरावर द्वारकाबाईंची निळी स्लिपर होती. लिंबाखाली बाईंचा डोळा लागला होता, नंबर आला तसं कुणीतरी त्यांना उठवलं.

"या आक्का," कमरूभाई म्हणाले, "यंदा हे सगळं तुमच्यासाठीच केलं." बोलता बोलता त्यांनी दोन पाकिटं काढून त्यांचे कोपरे कापले.

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला.

"कमरूभाई, ही मी विकणार होते."

कात्री हातातच राहिली.

"गेल्या साली हेच पेरलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "बांधाला लागून दैवशालाचं साधं वाण होतं. कापूस दोघींना सारखाच आला. मंग म्हणलं, यंदा हे विकावं अन् साधं पेरावं. वरच्या हजारात खत आलं असतं. पहाटं चारला आल्ते मी."

कमरूभाईंनी कापलेला कोपरा उचलून पाकिटाला लावून पाहिला. आता तो काय चिकटणार होता? बिचारा माणूस!

"माफ करा आक्का. मला वाटलं..."

"मन चांगलंच हाय तुमचं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच त्यांना जास्त लागलं. "सरकारनं माझ्यासाठी भाव बांधला. तुम्ही माझ्यासाठी पाकीट कापलं. मला काय पाह्यजे, ते कुणी विचारलंच न्हाई."

मागं रांग खोळंबली होती. कमरूभाईंनी कापलेली पाकिटं पुढच्या पेरणाऱ्यासाठी बाजूला ठेवली, कात्री गल्ल्याखाली सारली, अन् आपलं बसायचं स्टूल उचलून बाहेर आणलं.

"बसा आक्का," ते म्हणाले. "आता विचारतो. काय देऊ?"