दादाची तिथी

दरवर्षी मला दादाबद्दल दोन शब्द बोलायला सांगतात आणि दरवर्षी मी खोटं बोलतो. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, काका-काकूंचा एकुलता एक. सैन्यात अधिकारी होता, लढताना गेला, आणि त्याला मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. बंगळूरला जयनगरात काकूच्या घराजवळ जी शाळा आहे तिथे त्याच्या नावाने कार्यक्रम होतो. काकूला शाल-नारळ, मला माइक. मी म्हणतो, "भीती हा शब्दच त्याला माहीत नव्हता." टाळ्या पडतात. काकू समोर कुठेतरी बघत बसते. कपाटात आता इतक्या शाली साठल्यात की हिमालयात जाऊन राहिले तरी पुरतील, असं ती स्वतःच म्हणते.

काका इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. चाळीस वर्षं बंगळूरमध्ये काढल्यामुळे काकूच्या मराठीत निम्मं कन्नड शिरलंय. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो, इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि रविवारी तिच्याकडे जेवायला जातो. काका होते तोवर दादाच्या तिथीला ते काहीतरी करायचे. काय करायचे ते मी कधी विचारलं नाही. ते दोन वर्षांपूर्वी गेले, मग ते राहूनच गेलं. यंदा पितृपक्ष लागायच्या आधी काकू म्हणाली, "आता तूच करायला हवंस. दुसरं कोण आहे?"

मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. बसवनगुडीतल्या एका गुरुजींचा नंबर मिळवला आणि फोन लावला. गुरुजी कन्नडिग, पण मराठी घरांत जाऊन जाऊन मराठी चांगलं येतं त्यांना. त्यांनी विचारलं, "कसे गेले?"

म्हटलं, "लढाईत. गोळी लागून."

"सरी, ठीक. शस्त्राने गेले म्हणजे चतुर्दशी. तिथी कुठली का असेना, त्यांचं श्राद्ध चतुर्दशीला."

भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं तर खरंच, त्या तारखेखाली बारीक अक्षरात छापलं होतं: शस्त्रादिहत पितृश्राद्ध. मला इतका आनंद झाला की विचारू नका. त्यातल्या 'आदि'कडे मी पाहिलंच नाही. ताबडतोब काकूला फोन केला आणि छाती फुगवून सांगितलं, "काकू, शास्त्रात वीरांसाठी वेगळा दिवस राखून ठेवलाय!" ती म्हणाली, "हो का रे? ह्यांनी कधी बोलून नाही दाखवलं." तिचा आवाज ऐकून मला बरं वाटलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो मीच.

चतुर्दशीला सकाळी काकू जांभळं रेशमी लुगडं नेसून तयार. पदक घ्यायला दिल्लीला गेली होती तेव्हा तिने ते घेतलेलं. रिक्षात पर्समधून काढून तिने मला पदकाबरोबर आलेला कागद दाखवला. "गुरुजींना दाखवायला आणलाय," म्हणाली.

गुरुजींचं ठिकाण म्हणजे एक लांबलचक हॉल होता. तीस-चाळीस पाट मांडलेले, प्रत्येकासमोर केळीचं पान, काळे तीळ, दर्भ. एकाच वेळी सगळ्यांचं श्राद्ध. मी वीरांच्या घरची माणसं शोधत होतो. माझ्या डावीकडचे गृहस्थ भावासाठी बसले होते. भाऊ विहिरीत पडून गेला होता. त्यांच्या पलीकडे बसलेल्यांच्या घरात गॅसचा स्फोट झाला होता. मागे बायका बसल्या होत्या. काकूच्या शेजारच्या बाईंचा मुलगा बाइकवरून पडून गेला होता, मी रोज ऑफिसला ज्या उड्डाणपुलावरून जातो त्याच पुलावर. मला काही कळेना. सैनिकांच्या घरचे कुठे आहेत? आमच्याशिवाय एकही नव्हता.

मग गुरुजींनी सगळ्यांना उद्देशून कन्नडमध्ये सांगितलं की आज ज्यांना अपमृत्यू आला त्यांचं श्राद्ध. शस्त्र, विष, आग, पाणी, अपघात. अपमृत्यू हा शब्द मलाही कळला, काकूला तर कळणारच.

ती उठली आणि सरळ बाहेर व्हरांड्यात गेली.

मी ओलं धोतर सावरत, बोटात दर्भाची पवित्री, तिच्या मागे. वाटलं, पूर्ण हॉल माझ्याकडे बघतोय.

"तू वीरांचा दिवस म्हणालास," काकू म्हणाली.

"चुकलं माझं. मला वाटलं—"

"अपमृत्यू म्हणून मी माझ्या मुलाला जेवायला नाही घालणार. बंद कर हे. चल घरी."

इकडे आड तिकडे विहीर. आत गुरुजी खोळंबलेले, बाहेर काकू. आणि खरं सांगायचं तर मलाही ठरवता येत नव्हतं. शाळेत तो अमर असतो, इथे अवेळी गेलेल्यांच्या रांगेत. दोन्हीकडे मी मान डोलावलेली. मग काकूने तो कागद उघडला. "ह्यात लिहिलंय, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता." तिने ओळीवर बोट ठेवलं. "त्याला नव्हती का रे पर्वा? मग मी इतकी वर्षं पर्वा केली ती कशाची? खरं सांग. तो शेवटचा आला तेव्हा तुम्ही दोघं बरोबरच असायचात. घाबरला नव्हता का तो?"

शेवटच्या सुट्टीत दादा आणि मी जयनगरच्या बाजारात त्याच्या बुटांचे तळवे शिवून घ्यायला गेलो होतो. चांभाराचं काम होईपर्यंत दादा एका पायात बूट, दुसरा पाय नुसत्या मोज्यात, असा उभा होता. म्हणाला, "ह्या वेळी जावंसं वाटत नाही रे. पोटात गोळा येतो. आईला सांगू नकोस." मी काय करावं? मी हसलो. म्हटलं, "मग पोट दुखतंय म्हणून सुट्टी वाढवून घे." तोही हसला. दोन दिवसांनी गेला. भीती असूनही जाणं म्हणजेच शौर्य, असं लोक म्हणतात. म्हणतात खरं. मला ते पटतं, आणि रात्री पडल्या पडल्या अजिबात पटत नाही. कारण तो मला शौर्य सांगत नव्हता, भीती सांगत होता, आणि मी विनोद केला.

मी काकूला सगळं सांगितलं. बुटांसकट. विनोदासकट.

तिचं बोट अजून त्या ओळीवरच होतं. मग म्हणाली, "आईला सांगू नकोस म्हणाला?"

"हो."

"मग का सांगितलंस?"

ती रागावली होती की नाही, ते मला ओळखता आलं नाही. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, आणि माझ्या आधी आत गेली.

बाइकवाल्या मुलाच्या आईने बाजूला सरकून जागा केली. "बन्नी अक्का, कूतकोळ्ळी," म्हणाल्या. काकू त्यांच्या अगदी लगत बसली, रेशमी लुगड्याचा घोळ त्यांच्या मांडीवर येईल इतकी.

"करा सुरू, गुरुजी," ती म्हणाली. "घाबरलं होतं माझं लेकरू. त्याला ह्या सगळ्यांच्यातच बसवा. एकटं नको."

गुरुजींना त्यातलं किती समजलं कोण जाणे. त्यांनी मला जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला सांगितलं. मी घेतलं. ओंजळीत तीळ-पाणी आलं. प्रत्येकाला आपल्या माणसाचं नाव घ्यायचं होतं, आणि माझी पाळी आली तेव्हा मी मागे वळून काकूकडे पाहिलं. गुरुजींनी दोनदा विचारलं.

मागून काकूने नाव सांगितलं. शाळेत माइकवरून पुकारतात ते नव्हे. ती त्याला जेवायला हाक मारायची ते.