पाडलेल्या क्वार्टरचा पत्ता

माझे बाबा, वाल्मीक रामटेके, दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत. त्यांच्या सेक्शनमध्ये फाइल सापडेनाशी झाली की लोक कपाट उघडायच्या आधी बाबांना विचारतात. नंबर, वर्ष, कोणत्या साहेबाने काय शेरा मारला, सगळं तोंडपाठ. त्यांना याचा फार अभिमान आणि मला लहानपणापासून जाच. सातवीत गणितात मला किती मार्क पडले, ते अजून पाहुण्यांना सांगतात.

म्हणून मार्चमधल्या एका संध्याकाळी सरोजिनी नगरहून त्यांचा फोन आला तेव्हा मला आधी गंमतच वाटली. ऑफिस सुटल्यावर ते सरळ आमच्या जुन्या क्वार्टरकडे गेले होते. तिथे आम्ही एकोणीस वर्षं राहिलो. पण ती क्वार्टर्स कधीच पाडली, आणि आम्हाला आर. के. पुरमला येऊन तीन वर्षं होत आली. बाबा पत्र्याच्या कुंपणासमोर आईसाठी घेतलेली पपई धरून उभे होते.

"लुंबिनी," ते म्हणाले, "घर नाहीये गं इथे."

मी नोएडातल्या माझ्या ऑफिसातून तशीच निघाले आणि त्यांना घरी आणलं. वाटेत त्यांनी एकच अट घातली, आईला सांगायचं नाही.

अट कशासाठी, ते न सांगताही कळत होतं. आजोबा भंडाऱ्याला मास्तर होते. साठीला आले आणि विसरायला लागले. चार वर्षांत ते बाबांनाच 'साहेब, बसा' म्हणू लागले. बाबा आता अठ्ठावन्न. शिवाय आई कॅन्सरमधून नुकती कुठे उठत होती. दोन वर्षं बाबांनी हॉस्पिटल, ऑफिस आणि स्वयंपाक असं सगळं एकट्याने ओढलं होतं. झोप अशी नव्हतीच.

मग लपवाछपवी सुरू झाली. बाबा बाथरूममध्ये जुने फाइल नंबर पुटपुटायचे. एखादा अडला की नळ जोरात सोडायचे. मी बाहेर उभी राहून ऐकायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगते, स्वतःबद्दल भीतीही वाटायची. आजोबा, बाबा, मग मीच की.

शेवटी मी डॉक्टरांची वेळ घेतली. एमआरआय झाला, रक्त तपासलं, शब्द आठवायच्या परीक्षा झाल्या. रिपोर्टच्या दिवशी आई चपला घालून दारात तयार. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. मी आईजवळ एक अक्षरही बोलले नव्हते.

मेंदूत नव्या आठवणी बसवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो, डॉक्टरबाई सांगू लागल्या, तो वयाच्या मानाने किंचित आक्रसलाय. बाबा गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र पाकिटातून आतबाहेर करू लागले. पण आजोबांना होता तसा आजार यात दिसत नाही, बाई म्हणाल्या. विसरलेल्या शब्दाची थोडी खूण दिली की यांना तो आठवतो, त्या आजारात सहसा तसं होत नाही. वर्षानुवर्षं काळजी आणि जागरण झालं की हा भाग थकतो, नवं नीट बसत नाही आणि पाय जुन्या सवयीने चालतात. झोप आणि फिरणं सुधारलं तर बरंच परत येऊ शकतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. खात्री आहे का, बाबांनी विचारलं. खात्री आज देता येणार नाही, त्या म्हणाल्या.

तेवढ्यात ओळखपत्रामागून एक चिठ्ठी टेबलावर पडली. आईचं अक्षर. हे गृहस्थ वाट चुकले तर कृपया या पत्त्यावर पोचवा, असं हिंदीत लिहिलेलं, खाली तिचा फोन नंबर.

"हे कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला मला हॉलमध्येच विसरून तुम्ही एकटे घरी आलात ना, तेव्हापासून," आई म्हणाली. "तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

मी चिठ्ठी उचलली आणि पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग गुपचूप आईच्या हातात दिली. तो सरोजिनी नगरचा होता, पाडलेल्या क्वार्टरचा.

आपण तो लिहून दोनदा तपासला होता, एवढंच आई म्हणत राहिली. आजारपणाची ती दोन वर्षं तुम्हीही काढलीत ना, डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

बाबांनी पेन काढला. जुना पत्ता खोडून नवा लिहिला. सेक्टर, क्वार्टर नंबर, मजला, पिनकोडसुद्धा, कुठे न अडता. मग दुसरा कागद मागितला, तोच पत्ता पुन्हा लिहिला, खाली स्वतःचा नंबर टाकला आणि घडी करून आईच्या पर्समध्ये ठेवला. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

बाहेर येऊन आम्ही ऑटोत बसलो. कुठे जायचं, म्हणून ऑटोवाल्याने विचारलं. आई-बाबा दोघंही आधी माझ्याकडे बघू लागले.