बाबांची गाडी सुरू का होईना?

परवा, नामविस्तार दिनाच्या सकाळी, बाबांच्या गाडीनं मला चांगलंच कोड्यात टाकलं...

स्टेअरिंगजवळ गिअर असलेली ही जुनी गाडी. बाबांनी चिकलठाण्याच्या कंपनीत सुपरवायझर असताना सेकंडहँड घेतलेली. एरवी ती दारात उभी असते, पण दरवर्षी या दिवशी विद्यापीठ गेटला वंदन करायला जायचं ते तिच्यातूनच. मी म्हटलं, रिक्षानं जाऊ. तर म्हणाले, "नामांतरासाठी लई पायी हिंडलो. आता जाईन तर माझ्या गाडीत, नाय तर नाय."

बाबा ऐंशी पार... पुढच्या वर्षी पाय साथ देतील की नाही, कोण जाणे. गाडी सुरू करणं भागच होतं.

दिवाळीनंतर ती हललीच नव्हती. फार दिवस उभी राहिली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, एवढं मला माहीत होतं. चोक ओढला, इंजिनाजवळचा पेट्रोलचा पंप हातानं मारला, सेल्फ मारून मारून बॅटरी रडकुंडीला आणली. गाडी ढिम्म! मग मला नादच लागला... पेट्रोल अडतंय तरी कुठं?

पाइप काढला, कोरडा. टाकीचं झाकण उघडलं, तर साधा वासही नाही! दिवाळीत मीच भरलं होतं. गल्लीतल्या दोघा-तिघांवर संशय घेऊनही झाला.

आवरून ओट्यावर आलेले बाबा शांतपणे म्हणाले, "मीच काढलं. गाडी उभी ऱ्हायची म्हणल्यावर काढाया नको व्हय? कुणी पेटवली तर?"

नामांतराच्या लढ्याच्या वर्षांत खेड्यापाड्यांतून आपल्या लोकांची घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या. भडका घरापर्यंत येऊ नये म्हणून बाबांनी तेव्हा टाकी रिकामी ठेवायला सुरुवात केली... ती अजून चालूच होती! दरवर्षी आदल्या दिवशी ते गुपचूप पेट्रोल परत भरायचे. यंदा भरलेला कॅन त्यांना उचलवलाच नाही.

मी कॅन आणून पेट्रोल टाकीत ओतलं, परत पंप मारला. खोकत खोकत का होईना, गाडी सुरू झाली. गेटसमोर बाबांनी हात जोडले, तेव्हा शेजारी मीही जोडले.

घरी आल्यावर विचारलं, "बाबा, पेट्रोल काढू का?"

त्यांनी गाडीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. असू दे भरलेली."

त्या रात्री भरल्या टाकीची गाडी दारात उभी होती... आणि बाबा गाढ झोपले होते. मला हे बघायला मिळालं, आणखी काय हवं!