कमळाबाईंचं उटणं

डोंबिवलीच्या गणपती देवळामागच्या आळीत दिवाळीची वर्दी कमळाबाईंच्या उटण्याची पुडी द्यायची. दसरा झाला की अंगणात चटईवर वाळा, कचोरा, नागरमोथा, आंबेहळद, संत्र्याच्या साली पसरायच्या. मग सगळं जात्यावर दळायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळायचं. माप कशालाच नव्हतं. परातीवर वाकून हुंगायचं आणि हात थांबवायचा. बत्तीस घरांत पुड्या जात, आणि पहिल्या आंघोळीनंतर बत्तीस घरांना एकच वास येई.

त्रेपन्न साली त्यांच्या हरिहरचं लग्न झालं आणि ठाण्याहून चित्रा सून म्हणून आली. तिच्या ट्रंकेत पावडरचा एक गुलाबी डबा होता. तिनं एकदा सहज विचारलं, की उटणं म्हणजे तरी अंगाला लावायची सुगंधी पावडरच ना? कमळाबाईंनी हातातलं निवडणं बाजूला ठेवून सांगितलं, "पावडर लावतात आणि तशीच ठेवतात. घाम आला की संपली. उटणं तेलावर चोळतात आणि धुऊन टाकतात. धुतल्यावर जो राहतो तो वास." त्यानंतर चित्रानं डबा उघडला की नुसत्या वासावरून स्वयंपाकघरातून हमखास आवाज यायचा, "लावलं का पीठ?"

पुढच्या वर्षी भाद्रपदात कमळाबाईंना आठ दिवस ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकाचा वास घेऊन गेला. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. दूध करपलं आणि चित्रा धावत आली, तेव्हा शेगडीपाशीच बसलेल्या कमळाबाई "मला कळलं होतं" म्हणाल्या. वास परत येईल, दिवाळीपर्यंत तर येईलच, असं त्या रोज सकाळी उदबत्तीजवळ उभं राहून स्वतःला सांगत.

दसरा उलटला. त्यांनी आधी वर्षाचं मेतकूट दळून घेतलं. नंतर नेहमीप्रमाणे जातं धुवायला मूठभर तांदूळ दळले, पाळीवर वाकून हुंगलं. काहीच वास नाही. म्हणजे जातं साफ. एरवी तीन-चार मुठी लागत, यंदा एकीतच भागलं याचं त्यांना नवल वाटलं नाही, आणि त्यांनी उटणं दळायला घेतलं.

गाळताना चित्राच्या नाकात मेथी शिरली. पण दिवाळीच्या उटण्यात काय घालतात हे नव्या सुनेनं काय सांगावं? ती गप्प बसली.

ठमाबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. खाडीकडच्या आयरे गावाहून वाळा आणि आंबेहळद तीच आणायची, आणि पहिली पुडी तिची असे. मिठागरात उभं राहून तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांना ती वर्षभर उटणं लावी. तिनं चिमूट उचलून नाकाशी नेली.

"काकू, आवंदा यात हिंग घातला का वो?"

"तुझ्याच हाताला असेल कसला तरी वास," कमळाबाई म्हणाल्या आणि परात झाकून आत गेल्या.

दुपारी चित्रानं ट्रंकेतून डबा काढला, मान, गळा, दंड पांढरे होईपर्यंत पावडर थापली आणि सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. पिठाचा टोमणा आला नाही. तिनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली.

"आई, कधीपासून?"

कमळाबाईंनी मागे वळून तिचा पांढराफेक गळा पाहिला. "तापापासून," त्या म्हणाल्या. "बत्तीस घरं आहेत गं. आळीत माझं दुसरं काय आहे?"

चित्रानं पावडर धुऊन काढली, जातं मांडलं आणि चार मुठी तांदूळ दळून काढले. ठमाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळा घेऊन आली.

या खेपेला चित्रा परातीवर वाकून वास कशासारखा ते सांगायची आणि कमळाबाई पाटावर बसून जिन्नस ओळखायच्या. कोऱ्या वहीसारखा वास येतोय. तो कचोरा, थांब. आता माठातल्या पाण्यासारखा. तो वाळा, अजून मूठभर घाल. औषधाच्या दुकानासारखा. "नागरमोथा पुढं आला. त्याला मागं ढकल, साली घाल," कमळाबाई म्हणायच्या. दोघी केसांपासून पायांपर्यंत पिवळ्या भुकटीनं माखल्या होत्या. हरिहर कचेरीतून आला आणि आपण चुकीच्या घरात शिरलो की काय म्हणून दारातच थांबला. त्या दोघी हसत सुटल्या.

पाडव्याला आळीतल्या बायका फराळाला आल्या. यंदाचं उटणं जरा वेगळं होतं, असं सरोज वहिनींनी काढलं. चित्राचा लाडू हातातच राहिला. वेगळं म्हणजे जास्त चांगलं, त्या म्हणाल्या. तुमच्या नाकाची कमाल आहे.

कमळाबाईंनी चकल्यांचं ताट पुढं सरकवलं. "नाक माझं नव्हे, चित्राचं. माझं तापात गेलं. मी केलं होतं ते उटणं ठमाबाईनं नेलं."

ठमाबाई ओटीवर फराळाला बसली होती. टाचा बऱ्या झाल्या, तिनं तिथूनच सांगितलं, फक्त नवरा दोनदा विचारून गेला की आज भात कसला शिजलाय.

हसणं ओसरल्यावर कमळाबाई चित्राकडे वळल्या. "तुझं ते पीठ आण बघू. सगळ्यांना लाव. मलाही."