कालव्यावरून तालमीला

सोलापूरच्या स्टँडवर नगरच्या गाडीत बसलो तेव्हा मांडीवर क्लॅरिनेटची पेटी होती. मी मुळात भित्रा माणूस आहे. एकट्याने प्रवास, अनोळखी घरी मुक्काम, असल्या गोष्टी आजवर टाळत आलो. या वेळी निघालो ते आमच्या बँडपायी.

आम्ही दहा-बारा हौशी माणसं वर्षानुवर्षं दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये जमून वाजवत होतो. कुणी बार्शीहून येई, कुणी मोहोळहून, कुणी अक्कलकोटहून, आपापल्या मोटारसायकलवर, आपापल्या पेट्रोलने. पेट्रोल शंभरीपार गेलं आणि तिथेच मुक्काम ठोकून बसलं, तेव्हा आधी बार्शीवाल्याने एक रविवार सोडला, मग दोन. हळूहळू तालीम महिन्यातून एकदाच होऊ लागली. महिन्यातून एकदा जमणाऱ्या बँडमध्ये प्रत्येकाचा ताल वेगळा असतो, हे तेव्हा कळलं.

हौशी वादकांच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपवर मी हे रडगाणं लिहिलं. त्यावर राहुरी तालुक्यातल्या भाऊसाहेबांचं उत्तर आलं. त्यांचा बँडही असाच मोडत आला होता, पण आता आठवड्यातून तीनदा तालीम होते, आणि तीही गाडीशिवाय. कसं जमवलं ते लिहिलं नव्हतं. एकदा येऊन बघा, एवढंच होतं.

त्यांच्या गावाचं नाव मी इथे देणार नाही. तसं त्यांनीच बजावलं आहे. कारण पुढे येईल.

करमाळा, मिरजगाव करत गाडी नगरला पोचली. पाटीवर अहिल्यानगर, पण कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच. तिथवर दोन्ही बाजूंना उघडं रान होतं, तुरीच्या काठ्या आणि बाभळी. नगरहून दुसऱ्या गाडीने विळद घाट उतरलो आणि मुळेच्या पाण्याचा मुलूख लागला. आता नुसता ऊस. राहुरीला उतरून वडापची जीप (माणसं भरून नेणारी खासगी गाडी) शोधली. ती भरेना. दोन तास मी मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. ड्रायव्हर म्हणाला की डिझेलच्या भावात चौदा माणसांशिवाय गाडी हलवणं परवडत नाही. मी कुठे निघालोय ते त्याने विचारलं आणि ऐकल्यावर म्हणाला, "फाट्यावर कुनी न्यायला येनार हाय ना? सांजच्याला एकटं चालू नका तिकडं."

का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. भाऊसाहेब उभे होते. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, हातात घुंगुरकाठी (वर घुंगरं बांधलेली काठी). वस्तीपर्यंत कालव्याच्या भरावावरून किलोमीटरभर चालायचं होतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोक्यापेक्षा उंच ऊस. भाऊसाहेब दर दोन पावलांनी काठी आपटत होते. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं.

"बिबट्या हाय. पर घाबरू नका, त्यो बी आपल्याला भेतो."

'पर'च्या पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. ऊसतोड सुरू झाली होती. फड तुटला की त्यातला बिबट्या शेजारच्या फडात शिरतो, आणि या दिवसांत तो नेमका कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरचं वासरू गेलं होतं, त्याआधी दोन कुत्री. गावाचं नाव लिहायचं नाही ते यासाठी. बिबट्याचं गाव म्हटलं की सोयरिकी येत नाहीत, आणि गावात लग्नाच्या मुली आहेत.

घरी पोचलो, वहिनींनी चहा हातात दिला आणि लांबून ट्रम्पेट ऐकू आला. भूपातली एक संथ चाल, लग्नात वाजते तशी. भाऊसाहेबांनी ओसरीवरचा युफोनियम (खर्जाचा आवाज देणारं मोठं पितळी वाद्य) उचलला आणि त्याच चालीची पुढची ओळ वाजवली. तिकडून ट्रम्पेटने तिसरी ओळ घेतली. आवाज हळूहळू जवळ येत होता.

ती सुनंदाताई. अंगणवाडीत मदतनीस आहे. ट्रम्पेट वडिलांकडून शिकली, ते एका बँड कंपनीत होते. तिची वस्ती सगळ्यांत लांब, भाऊसाहेबांच्या वस्तीपासून सव्वा किलोमीटर, आणि तिथून गावातली शाळा आणखी दोन. पूर्वी सगळे मोटारसायकलींवर येत, ती स्कूटीवर. मग एका गाडीवर तिघे येऊ लागले. मग आठवड्याची तालीम पंधरवड्यावर गेली. गावातल्या कुणाच्याही मुलीच्या लग्नात हा बँड फुकट वाजवतो. अशाच एका लग्नात वरातीसमोर तो मध्येच इतका फिसकटला की ढोल वाजवणाऱ्या दगडूतात्यांनी ढोल खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं, पायी यायचं. आणि वाटेत वाजवत यायचं, म्हणजे जनावर दूर राहतं, कोण कुठवर आलंय तेही बाकीच्यांना कळतं.

त्या संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर वाजवत शाळेत गेलो. प्रत्येक वस्तीच्या वळणावर एकेक जण मिळत गेला आणि शाळेत पोचेपर्यंत आम्ही नऊ झालो. शेवटच्या वळणावर दगडूतात्या ढोल घेऊन उभे होते. पासष्टीचा माणूस, पण हात पक्का. तालीम अशी झाली की मला आमच्या रविवारांची लाज वाटली. परतताना भीती कमी असते. सुनंदाताईचा नवरा साखर कारखान्यातली पाळी संपवून त्याच वाटेने मोटारसायकलवर येतो आणि तिला घेऊन जातो. बाकीचे घोळक्याने परततात.

रात्री जेवायला हुलग्याची शेंगोळी होती (कुळथाच्या पिठाचे वळलेले लांबट तुकडे, झणझणीत रश्शात शिजवलेले), बरोबर बाजरीची भाकरी. जेवून मी सोलापूरच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहिला. उसातून वाजत जाणारा बँड, सुरांना सुरांनी दिलेलं उत्तर, पेट्रोलवर शोधलेला उपाय. तो मजकूर आज वाचला की मला ओशाळवाणं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांनी मला शिवार दाखवलं. चारीच्या (कालव्याच्या फाट्याच्या) कडेला वनखात्याचा पिंजरा लावलेला होता. आतल्या वेगळ्या कप्प्यात एक शेळी कडबा खात उभी होती. आम्ही जवळ गेलो तशी तिने खाणं थांबवलं आणि आमच्याकडे बघत राहिली. भाऊसाहेब म्हणाले, पंधरा दिवस झाले, बिबट्या फिरकला नाही.

अंगणवाडीत सुनंदाताई भेटली. चाळिशीची, मोजकं बोलणारी बाई. स्कूटी कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली की गोणपाट टाकून ठेवली आहे. टाकीत थोडं पेट्रोल आहे, ते सासूच्या दवाखान्यासाठी राखलेलं, त्याला हात लावायचा नाही. बँड सासूला पसंत नाही. बाईमाणसाने गाल फुगवून वाजवावं हेच तिला रुचत नाही, त्यात आता ही वाट. मी विचारलं, भीती वाटत नाही का. माझी समजूत होती की ती नाही म्हणेल.

"वाटती की दादा. रोज वाटती," ती म्हणाली. "घरातून निघताना हात गार पडत्यात. वाजवाया लागले की जरा बरं वाटतं. म्हनून थांबत न्हाई."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात तयार होऊन उभे होतो. सूर्य नुकताच बुडाला होता, उजेड होता अजून. ट्रम्पेट सुरू झाला. पहिली ओळ झाली, भाऊसाहेबांनी दुसरी वाजवली. तिसरी ओळ निम्म्यावर आली आणि तुटली.

भाऊसाहेबांनी वाट बघितली. पाणी पीत असेल, असं ते म्हणाले. मग त्यांनीच तिसरी ओळ पुरी केली आणि कान दिला. काही नाही. पाण्याच्या मोटारींना वीज नव्हती, त्यामुळे रानात कसलाच आवाज नव्हता. फक्त उसाचं पातं पात्याला घासत होतं. त्यांनी पुन्हा वाजवलं, या वेळी नुसता एकच लांब सूर. वहिनी दारात आल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरला.

भाऊसाहेब मोटारसायकलकडे धावले. किका मारल्या, पाच-सहा. महिनाभर बंद असलेली गाडी नुसती खोकली. ती तशीच सोडून त्यांनी बॅटरी (टॉर्च) घेतली, युफोनियम गळ्यात होताच, आणि पळत सुटले. मी मागे. मला जायचं नव्हतं, हे खरं सांगतो. पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

पळता पळता मी क्लॅरिनेट तोंडाला लावला. आवाज करायला हवा एवढंच डोक्यात होतं. पण तोंडात थुंकीचा थेंब नव्हता. ओठ तोंडाकडच्या वेताच्या पट्टीवर बसेनात, नुसती हवा फुसफुसत गेली. चाळीस वर्षं वाजवतोय, असं कधी झालं नव्हतं. उजव्या हाताचा ऊस सळसळला की पाय आपोआप पाण्याच्या बाजूला सरकत होते.

वळणाच्या पुढे ती दिसली. वाटेच्या मधोमध उभी, ट्रम्पेट ओठांना लावलेला, गाल हलत होते पण आवाज नव्हता. तिच्यासमोर वीसेक पावलांवर मोरीच्या (छोट्या पुलाच्या) कठड्यावर बिबट्या बसला होता. कुत्रं बसतं तसा, पुढचे पाय सरळ ठेवून. आम्ही आलो तरी त्याने मान वळवली नाही. तिच्याकडेच बघत होता.

भाऊसाहेबांनी युफोनियम तोंडाला लावला, पण धापेमुळे त्यांच्याच्याने फुंकवेना. मग त्यांनी तो गळ्यातून काढला, आडवा धरला आणि बॅटरीने त्याच्या पितळी कर्ण्यावर मारायला लागले. दर घावाला पोचा पडत होता. बॅटरी फुटली, तेव्हा वाटेवरचा धोंडा उचलला. कानठळ्या बसवणारा तो आवाज कालव्याच्या पाण्यावरून गेला. तेव्हा कुठे बिबट्या उठला. घाई नव्हती त्याला. कठड्यावरून उतरला आणि उसात शिरला.

सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात सुनंदाताईच्या पाठीमागून, तिच्या साडीच्या काठापासून हातभर अंतरावरून, मांजराएवढं काहीतरी वाट ओलांडून पळालं आणि आई गेली त्याच बाजूला उसात दिसेनासं झालं. म्हणजे सुनंदाताई पिल्लू आणि मादी यांच्या मधोमध उभी होती. वाजवलं असतं, पळाली असती, तर काय झालं असतं, हा विचार तिघांच्याही मनात एकदमच आला असावा.

तिने ट्रम्पेट खाली घेतला. ओठावर वळ उमटला होता.

"फुंकत हुते भाऊ," ती म्हणाली. "वाराच निघंना."

नवरा रात्री शाळेतूनच तिला नेणार होता, म्हणून तिला घेऊन आम्ही शाळेत गेलो. तालीम झाली नाही. दगडूतात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की बँड बंद करू, लग्नं काय डीजेवर पण लागतात. दुसरा कुणी म्हणाला की फक्त सुनंदाताईसाठी सगळ्यांनी मिळून पेट्रोल घालू. तिने मान हलवली. आज घालाल, चार महिन्यांनी जड होईल, आणि मग माझ्यामुळे बँड मोडला असं होईल, असं तिचं म्हणणं. नवरा आला, ती मागे बसून गेली. मोटारसायकलचा आवाज पार ऐकू येईनासा होईपर्यंत आम्ही शाळेच्या फाटकात उभे होतो.

मला झोप अशी लागलीच नाही. सकाळी भाऊसाहेब फाट्यापर्यंत सोडायला आले. युफोनियमचे पोचे निघतील का, असं त्यांनी विचारलं. सोलापुरात एक जण काढतो, मी घेऊन जातो, असं म्हणालो आणि तो बोचक्यात बांधून घेतला. परतीच्या सबंध वाटेवर उसाचं रान संपायची मी वाट बघत होतो. विळदचा घाट चढून उघडी जमीन दिसली तेव्हा छाती मोकळी झाली. आणि लगेच जाणवलं, ती माणसं तर तिथेच आहेत.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेबांचा फोन आला. तालीम पुन्हा सुरू झाली होती. सुनंदाताईच्या सासूने स्वतः निरोप धाडला होता, "हितंच माज्या दारात वाजवा. सून एकटी कुटं जानार न्हाई." आता दगडूतात्या गावातून निघतात आणि वस्तीवस्तीवरून एकेकाला घेत सगळे मिळून तिच्या अंगणात जातात. परतताना तसेच एकेकाला सोडत येतात. शेवटी तात्या उरतात, पण त्यांचं घर गावात, तिथे ऊस नाही. चालणं सगळ्यांचंच वाढलं, उसात एकटं मात्र कुणी नाही. म्हातारी उंबऱ्यावर बसून ऐकते. मादी आणि पिल्लू अजून त्याच शिवारात आहेत.

इथे लोक मला विचारतात, त्या बँडने पेट्रोलवर काय उपाय काढला? मी पूर्वीसारखं भरभरून सांगत नाही. उपाय असा नाहीच. पूर्वी गाडीवर बसून जी वाट पाच मिनिटांत मागे पडायची, ती आता त्यांना पावला-पावलाने भोगावी लागते. ती माणसं शूर आहेत असंही मी म्हणत नाही. मी त्यांच्याबरोबर चाललो आहे, मला माहीत आहे. ती घाबरत येतात, घाबरत परत जातात, आणि मधला तासभर फार चांगलं वाजवतात.