अण्णा त्या घरी जेवले नाहीत

शमुवेल अण्णांनी कुणाच्या दारात उभं राहून कधी चहा घेतला नाही. कप बाहेर आणला की म्हणत, "आत बसवून देत असाल तर घेतो, नाहीतर पाणीबी नको." नवखा माणूस बावचळायचा. आम्हाला मात्र त्यामागची गोष्ट पाठ होती. आमच्या चर्चच्या मंडळीचा जन्मच त्या गोष्टीतून झाला होता.

अण्णा आणि आणखी काही कुटुंबं जालन्याकडून कारखान्यांत काम शोधत सातपूरला आली. शहरातल्या जुन्या चर्चमध्ये त्यांना मागचे बाक मिळाले आणि सभासदांच्या घरी ओसरीवर चहा. शेवटी या लोकांनी एका वर्कशॉपमागे पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची प्रेस्बिटेरियन मंडळी सुरू केली. बिशप नाही, आपल्यातूनच निवडलेली जाणती माणसं, म्हणजे मंडळीचे 'वडील', कारभार बघणार. अण्णा पहिल्या वडिलांपैकी एक. एक नियम त्यांनी हट्टाने घालून घेतला: नवं कुटुंब आलं की एका वडिलाने त्यांच्या घरी जेवायचं, रविवारी उभं राहून तसं सांगायचं, मगच ते सभासद. "ज्याच्या घरचं खाल्लं त्याला मागं बसवायला जीव धजत नाय," असं ते म्हणायचे.

पुढे शेडच्या जागी स्लॅबची पक्की इमारत उभी राहिली. आमची मुलं इंजिनिअर झाली. आपणही कधी बाहेरून आलो होतो, हे आम्ही सोयीस्कर विसरलो.

मग सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यावरून योहान आणि मंगी आले. बांधकामावर बिगारी, कडेवर तान्ही मुलगी. तिचा बाप्तिस्मा व्हावा एवढीच त्यांची इच्छा. पण आमच्यात तो सभासदांच्याच मुलांचा होतो. त्यांच्याकडे जेवायला अण्णा गेले.

त्या रविवारी ते उभे राहिले आणि चष्मा पुसत राहिले. उपासना चालवणारे पाळक हळूच म्हणाले, "अण्णा, जेवलात एवढं सांगून टाका."

"मी जेवलो नाय," अण्णा म्हणाले. "पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. पोट चांगलं होतं. बाईनं नागलीची भाकर केलती, सुकट केलतं. त्यांच्या ताटाकडं बघून माझा हातच होईना. मला लाज वाटती."

आमचे सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे नियमाप्रमाणे बाप्तिस्मा पुढे ढकलावा लागेल." खोटं कशाला सांगू, माझ्यासकट कित्येकांना हायसं वाटलं.

अण्णा मंगीकडे वळले. "बाई, आज जेवू घालशील का?"

मंगी पोरीला सावरत म्हणाली, "त्या दिशी माला समजलाच व्हता, बाबा. या. पन आज निस्ती भाकर न चटनी आहा."

अण्णांनी चपला घातल्या आणि उपासना अर्धी टाकून त्यांच्यामागे निघाले. दारात थांबून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. कुणीतरी उठेल, असं त्यांना वाटलं असावं. आम्ही गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं.

पुढच्या रविवारी मुलीचा बाप्तिस्मा झाला. अण्णांनी वडीलपद सोडलं ते कायमचं. गेल्या वर्षी ते वारले. दफनाच्या वेळी आम्ही सगळ्यांनी त्यांच्यावर भाषणं केली, मीही केलं. मंगी कडेला उभी राहून रडत होती. ती मुलगी आता रविवारच्या शाळेत माझ्याच वर्गात बसते. तिचं घर कुठल्या गल्लीत आहे, हे मला आजही माहीत नाही.