रात्रीच्या दराची ऊब

आमच्या रांगेतल्या घरांच्या भिंती इतक्या पातळ, की पलीकडच्यानं शिंकावं आणि अलीकडच्यानं रुमाल शोधावा. ह्यूइना कॉर्मक अशा एका भिंतीपलीकडे माझी शेजारीण होती. तिचं कपडे धुण्याचं यंत्र मध्यरात्र उलटली की धडधडायला लागायचं, कारण तिच्या नवऱ्याच्या मते दिवसाउजेडी कपडे धुणं हे पाप होतं. रविवारी, प्रार्थनेच्या दिवशी, ते वाळत घालण्याइतकं मोठं नसेल, पण त्याच्या खालोखालचं.

नवरा, गिबी, बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. माणूस वाईट नव्हता. पिणं बेताचं, बायकोवर हात कधी उगारला नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, त्या जातीचा. कौन्सिलनं आमच्या रांगेत विजेचे हीटर बसवायचे ठरवले तेव्हा मी साफ नाही म्हटलं आणि माझी कोळशाची शेगडी ठेवली. गिबीनं घरभर हीटर बसवून घेतले, आणि त्या दिवसापासून रात्रीचा दर हाच त्याचा धर्म झाला.

हे हीटर म्हणजे पत्र्याच्या पेटीत रचलेल्या जड विटा. रात्री अकरानंतर वीज स्वस्त होते तेव्हा त्या तापतात, आणि ती ऊब दुसऱ्या दिवशी हळूहळू खोलीत उतरते. उद्या किती थंडी पडेल ते आज झोपण्याआधी ओळखायचं आणि माथ्यावरचा नॉब एक ते सहापैकी कुठल्या आकड्यावर ठेवायचा ते ठरवायचं. चुकलात तर दिवसभर भोगा. शिवाय असे हीटर घेतलेल्यांना दिवसाची वीज इतरांपेक्षा महाग. सकाळी माणूस कामात असतो तेव्हा घर छान ऊबदार, आणि संध्याकाळी पाय पसरून बसायची वेळ झाली की विटा गार. मग लोक लहान हीटर लावतात, तोही दिवसाच्या दरानं, आणि रात्रीची बचत तिथंच संपते. त्यामुळे आमचं अर्धं गाव म्हणायचं पैसे वाचतात आणि अर्धं म्हणायचं सगळी धूळफेक आहे. गिबीचे मात्र खरोखर वाचायचे. त्याचा नॉब दोनच्या पुढे जात नसे आणि लहान हीटर त्यानं घरात येऊच दिला नव्हता.

"डॉली, तुझा कोळसा म्हणजे नोटा जाळणं आहे बघ," तो माझ्याकडे येऊन माझ्याच शेगडीपुढे हात शेकत म्हणायचा.

"आणि तू त्या नोटांची ऊब घ्यायला येतोस. लाज आहे का काही?"

"फुकट आहे म्हणून येतो. वाया जाते ती ऊब."

"बायकोलाही घेऊन यायचं की मग."

"तिला सवय आहे," गिबी म्हणायचा.

सवय होती हे खरं. ह्यूइना चौदाव्या वर्षी हेरिंग मासळी साफ करायला लागली. बंदरावर उघड्यावर उभं राहून, बोटांना चिंध्या गुंडाळून, मिठाच्या पाण्यात हात बुडवून सुरी चालवायची. मासळीच्या थव्यांमागून दक्षिणेला पार यार्मथ बंदरापर्यंत जाऊन यायची. लग्नानंतर माझ्याबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, तेव्हा उकळता टोप ती फडक्याशिवाय उचलायची. आम्ही किंचाळायचो आणि ती हसायची. बोटांच्या टोकांना काही कळतच नसे तिच्या. पण बाकी अंगाला कळायचं. घरात कोट घालून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन ती विणत बसायची. गिबी जवळ बसून पेपर वाचायचा आणि मधूनच "ए पोरी, चहा," म्हणायचा. सत्तरीला टेकला तरी ती त्याची पोरीच होती. मला त्याचा राग यायचा, आजही येतो.

त्या जानेवारीत वारा पूर्वेकडून आला आणि बर्फ घेऊन आला. रस्ता बंद, शाळा बंद, बोटी बंदरात. मंगळवारी दुपारी ह्यूइना माझ्याकडे आली आणि शेगडीला चिकटून बसली. दात वाजत होते.

"मी आज त्याला सांगणार आहे," ती म्हणाली. "रस्ता मोकळा झाला की मी इनव्हरनेसला बहिणीकडे जाते. वसंतात येईन. त्यानं राहावं आपल्या विटांबरोबर."

"पुष्कळदा म्हणालीस गं असं."

"तुला म्हणाले. त्याला नव्हतं म्हटलं."

बुधवारी सकाळी तिनं भिंतीवर थापा मारल्या. मी तशीच सपाता घालून बर्फातून गेले. दार उघडलं आणि मला आधी काय जाणवलं ते सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. घर गरम होतं. शाळेच्या भट्टीजवळ असायचं तसं. माझ्या चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसून पाहिलं तर ह्यूइना रात्रीच्या झग्यात उभी होती, अंगावर कोट नाही.

"गिबी गेला," ती म्हणाली. "झोपेतच."

डॉक्टर रांगेच्या टोकालाच राहायचे, ते पायी आले. हृदय थांबलं, पहाटे कधीतरी, त्याला कळलंही नसेल, म्हणाले. ह्यूइनानं मान डोलावली आणि डॉक्टरांना चहात साखर किती ते विचारलं.

मग नील मॅन्सन आला. नील आमच्या गावचा सुतार. खिडक्याही तोच करायचा, शवपेट्याही तोच. आत पाऊल टाकताच त्यानं टोपी काढली, मग मफलर, मग कोट.

"हे काय? गिबी कॉर्मकच्या घरात?" त्यानं हीटरवर वाकून पाहिलं. "सहावर? देवा रे. सगळे?"

"सगळे," ह्यूइना म्हणाली. "काल मी त्याला म्हटलं मी जाते म्हणून. त्यानं पेपरची घडी केली. झोपायच्या आधी घरभर फिरला आणि एकेक नॉब फिरवला. मी अंथरुणातून ऐकत होते."

नील बराच वेळ टोपी चाचपत राहिला. त्याला बोलायचं होतं ते अवघड होतं. शेवटी माझ्याकडे बघत बोलला, जणू नवरा माझा गेला होता. "अशा उष्म्यात त्याला ठेवता येणार नाही, डॉली. उद्यापर्यंतसुद्धा नाही. हीटर बंद करा."

"केलेत रे मी सकाळीच, भिंतीवरच्या बटणानं. विटा तापल्या की तापल्या. त्यांच्या मनात येईल तेव्हा त्या थंड होणार."

"मग मी त्याला विक गावातल्या इस्पितळाच्या शीतघरात नेतो. रस्त्यावरचा बर्फ हटवणारा नांगर दुपारी जाणार आहे, त्याच्या मागे माझी गाडी जाईल. शनिवारी तिथूनच परस्पर दफनभूमीत."

शनिवार यासाठी की त्यांचा मुलगा कॉलिन समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होता आणि त्याआधी त्याला किनाऱ्यावर आणणारं हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. आणि आमच्याकडे थडग्यापाशी बायका जात नाहीत. पेटी घराच्या दारातून निघते, पुरुष ती नेतात, बायका मागे राहून सँडविच करतात. म्हणजे गिबीला त्या शीतघरात नेलं असतं तर ह्यूइनाला तो पुन्हा दिसलाच नसता.

"नाही," ती म्हणाली. "तो त्याच्या दारातून जाईल."

"अगं, पण घर—"

"घर गार करायचं ना? करते."

तिनं बैठकीची खिडकी वर सरकवली. मग स्वयंपाकघराची, मग झोपायच्या खोलीची. वारा आत घुसला आणि टेबलावरचे कागद उडवून गेला. मी तिला कोट घातला. ती हात पसरून उभी राहिली, लहान मुलीसारखी, आणि मी बटणं लावली.

नीलनं संध्याकाळी पेटी आणली आणि बैठकीत दोन खुर्च्यांवर ठेवली. गिबीला त्याचा चर्चचा सूट घातला. तो सबंध दिवस त्या विटांनी जन्माची ऊब ओकली, आणि ती सगळी खिडकीतून रस्त्यावर गेली. खिडकीवर लोंबणारे बर्फाचे सुळे वितळून टपटपत होते. आत मात्र आमच्या पायांची बोटं बधिर. दुसऱ्या दिवशी दुपारी विटा निवल्या, तरी खिडक्या उघड्याच ठेवल्या. गालिच्यावर बर्फाची पांढरी रेघ धरली आणि ती कुणी झाडली नाही.

लोक भेटायला येत होते, कोट आणि टोप्या घालून बसत होते. व्हिस्कीची बाटली फिरत होती. बोलताना तोंडातून वाफ निघायची.

"गिबी खूष असेल," त्याचा जुना जोडीदार जेक मोवॅट म्हणाला. "घर इतकं गार आणि मीटर थांबलेला."

सगळे हसले. ह्यूइनाही हसली. मग उठून तिनं सगळ्यांचे कप भरले. चहा एकाच्या मांडीवर सांडला तो तिनं पुसला, पेटीच्या झाकणावरचा बर्फाचा भुगाही त्याच फडक्यानं पुसला. तीन दिवस तिनं एक टिपूस गाळलं नाही. गाव म्हणायला लागलं, धीराची आहे. मला तो धीर वाटेना. शाळेत ती उकळता टोप उचलायची तशी ती हे सगळं उचलत होती, आणि मला भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी कॉलिन पोचला. बाहेरून आलेला थंडगार मुलगा आतल्या थंडगार घरात आला आणि बापाच्या कपाळाला हात लावून ढसाढसा रडला. ह्यूइना त्याची पाठ थोपटत राहिली. पाद्रीबाबांनी प्रार्थना थोडक्यात आटपली, कारण पुस्तकाची पानं वाऱ्यानं उलटत होती. मग आठ पुरुषांनी पेटी उचलली. दारातून बाहेर पडताना नील हळू आवाजात पावलं सांगत होता. ह्यूइना उंबऱ्यावर उभी राहिली. पेटी वळणापलीकडे गेली, तरी ती तिथंच.

मी घरभर फिरून खिडक्या बंद केल्या. एक तर गोठून बसली होती, तिला खांदा लावावा लागला. सँडविचं झाकून ठेवली होती. बाकीच्या बायका स्वयंपाकघरात गेल्या, बैठकीत आम्ही दोघीच उरलो. त्या दोन खुर्च्या अजून समोरासमोर होत्या.

"डॉली, तुला एक सांगते," ती म्हणाली. "कॉलिनला सांगायचं नाही."

"बोल की."

"बुधवारी मला जाग आली ती उकडून. मी पांघरूण लाथाडलं. सबंध आयुष्यात मी कधी अशी उठले नव्हते गं. वाटलं, उठूच नये. त्याच्याकडे पाठ करून पडून राहिले आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्या, शेवटी नमलास ना? इतकं बरं वाटत होतं मला. मग म्हटलं, चहाला उठवावं. त्याच्या हाताला हात लावला."

तिनं आपली बोटं पसरून पाहिली. 

"तो मला गरम लागला, डॉली. खोलीच तशी तापली होती, आणि माझी ही बोटं. मला वाटलं झोपलाय. म्हणून त्याचा हात धरून मी आणखी तासभर पडले. सुखात पडले होते मी."

तिनं हे हवामान सांगावं तसं सांगितलं. मी तिचे हात हातात घेतले. त्यांना ते कळलं की नाही ठाऊक नाही. 

"आता माझ्याकडे चल," मी म्हटलं. "शेगडी पेटलेली आहे."

"नको."

"मग निदान हीटर चालू करून ठेवते. रात्री अकराला तापायला लागतील. उद्या सकाळी घर ऊबदार होईल."

"कर चालू," ती म्हणाली. "पण दोनवर ठेव."

"ह्यूइना, अगं, आता तरी!"

"दोनवर, डॉली. तशा घरात मला पुन्हा जाग यायला नको."

मी उठले. गिबीनं फिरवलेले नॉब अजून तसेच होते, बैठकीत सहा, स्वयंपाकघरात सहा, झोपायच्या खोलीत त्याच्या बाजूला सहा. त्याला आयुष्यात एकदाच सुचलेलं ते शहाणपण होतं, आणि ते मोडायला माझा हात धजत नव्हता. पण ती खुर्चीतून माझ्याकडे बघत होती, म्हणून मी खोली-खोलीत जाऊन सगळे दोनवर आणले.